संदेश सेवा – चालू

४ फेब्रुवारी

फलक लागला. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर, घड्याळाच्या बरोबर खाली. त्यावरचे शब्द सगळे माझे. नाव अर्थात कुठंच नाही. पेपरात एकतीस वर्षं उपसंपादक होतो, तिथंही मथळे माझे आणि नावं दुसऱ्यांची. सवय आहे!

पाचमिनिट्यानं समजावलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो. हा आमचा इंजिनिअर. काहीही सांगा, "पाच मिनिटं" म्हणतो. नाव कक्षातल्या बायकांनी पाडलंय.

घरी मशीनवर ऑक्सिजन घेणारे आमचे दोनशे बारा पेशंट. कुणाचं मशीन थांबलं की इशारा आमच्या कक्षात येतो आणि घरच्यांच्या मोबाइलवरही जातो. हे सगळं चालतं भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर. त्या क्लाउडवाल्यांकडे काही बिघडलं की ते त्याची एक 'घटना' म्हणून नोंद करतात. आमचा प्रोग्राम दर मिनिटाला त्यांच्या एपीआयला, म्हणजे त्यांच्या चौकशीच्या खिडकीला, विचारतो, आम्ही वापरतो त्या पाच सेवांपैकी कुठं काही घडलंय का? उत्तरात सेवेचं नाव, वेळ आणि तीन अवस्थांपैकी एक येते: अपकमिंग, ओपन, क्लोज्ड. तेवढं फलकावर उमटतं. इशारे पोचवणारी संदेश सेवाच बसली, तर कक्षातल्यांनी थांबायचं नाही, फोन घ्यायचा आणि एकेका घरी विचारायचं. फलक आहे तो एवढ्यासाठी.

मी दिलेले शब्द: नियोजित, चालू, बंद. घटना चालू, घटना बंद. पाचमिनिट्या म्हणाला, रकाना अरुंद आहे सर, 'घटना' काढलं तर अक्षर मोठं करता येईल. मथळ्यातला शब्द कापणं हा तर माझा जन्मभराचा धंदा. कापला. रंग निळा. लाल फक्त पेशंटसाठी असा साहेबाचा हुकूम. भिंतीवर दुसरं काही लाल दिसायला लागलं की माणसं लाल बघेनाशी होतात, म्हणाला. पटलं.

दुपारी सगळ्यांना दाखवलं. पहिल्या खुर्चीवर अक्का. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, कक्षात सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "पेपरवाले, 'संदेश सेवा – चालू' म्हणजे चांगलं की वाईट?"

मी म्हटलं, "घटना चालू, अक्का. सेवा नव्हे. सवय होईल."

साहेब म्हणाला, "माणूसच चालू आहे, त्याचे शब्द कसे असणार?" सगळे हसलो. अक्कासुद्धा.

९ फेब्रुवारी

पाच दिवस झाले. फलकावर पाच सेवांची नावं आणि पुढं कोरं. न छापलेला पेपर!

१८ फेब्रुवारी

आज पहिली ओळ उमटली. 'साठवण सेवा – नियोजित', जेवणानंतर 'साठवण सेवा – चालू'. क्लाउडवाले काहीतरी दुरुस्त करत होते, अगोदर कळवून. आमच्याकडे कशालाच धक्का नाही. खाली गेलो तेव्हा दुसऱ्या खुर्चीवरची तिसरीला सांगत होती, चालू आहे ना, मग झालं. मी पुढच्या माहितीपत्रकाच्या घाईत होतो. साडेचारला मजकूर द्यायचा होता. दिला. चार पंचविसाला.

२ मार्च

बायकोच्या डोळ्याची तारीख मिळाली. लिहून ठेवायची म्हणून मागं जाऊन कोपऱ्यात लिहिली, पान ३२ वर. तिथं जागा होती.

११ मार्च

कक्षात काहीतरी गडबड. मी वरच्या मजल्यावर, माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत होतो. जिन्यात दोनदा धावपळ ऐकू आली. अक्कांचा आवाज, सलग, एका सुरात. एकामागून एक फोन करत असाव्यात. कुठंतरी रुग्णवाहिका पाठवली म्हणे.

पावणेसहाला निघालो तर पाचमिनिट्याचा फोन. "सर, दोन शब्द हवेत. ओपन आणि क्लोज्डला. जरा स्पष्ट." म्हटलं, कधीपर्यंत? म्हणाला, "पाच मिनिटं."

दोन मिनिटांत दिले. 'बिघाड सुरू', 'बिघाड संपला'. पायऱ्या उतरता उतरता. का हवेत ते विचारलं नाही. वेळेत दिल्याचा आनंद मात्र झाला. हे आज लिहून ठेवतो, कारण बसमध्ये बसल्यावर तो आनंद जरा विचित्र वाटायला लागला.

१२ मार्च

कळलं ते असं.

काल तीन वाजून पाच मिनिटांनी क्लाउडवाल्यांची संदेश सेवा बसली. एपीआयनं सांगितलं, फलकावर ओळ उमटली. तीन वीसला एका पेशंटचं मशीन थांबलं. घड्याळं दुरुस्त करणारे होते, आता घरीच असतात. जेवून झोपले होते. इशारा निघाला आणि वाटेतच अडकला. कक्षात आला नाही, मुलीच्या मोबाइलवर गेला नाही. तीन बावन्नला सेवा परत सुरू झाली. आणि अक्कांनी घरोघर फोन करायला सुरुवात केली ती तीन बावन्नला! नववा फोन घड्याळजींच्या घरी. दोनदा कुणी उचलला नाही. त्यांनी शेजाऱ्याचा नंबर काढला, दार उघडायला लावलं, रुग्णवाहिका पाठवली. सेवा सुरू झाली तरी साचलेले इशारे लगेच सुटले नाहीत, एकगठ्ठा आले ते सव्वापाचला.

घड्याळजी हॉस्पिटलमध्ये आहेत. श्वास आहे. बाकी काही सांगत नाहीत.

सत्तेचाळीस मिनिटं. सगळ्यांच्या तोंडी आज हा एकच आकडा.

१३ मार्च

अक्कांना घरी बसायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची शाल तशीच.

साहेबानं मला बोलावून सांगितलं. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पेपर बंद पडला तेव्हा यानंच मला इथं आणलं, हे तो कधी बोलून दाखवत नाही. मीच रोज मनात घोकतो. म्हणाला, प्रोग्रामच्या नोंदी स्वच्छ आहेत. ओपन तीन पाच, क्लोज्ड तीन बावन्न. बाईंनी काहीच केलं नाही, आणि सगळं निस्तरल्यावर फोनला हात घातला. जागेवर नसणार. परत आल्यावर पाहिलं असणार.

मी म्हटलं, अक्का जागा सोडत नाहीत.

तो म्हणाला, वय होतं रे माणसाचं.

१४ मार्च

समिती आज कक्ष बघून गेली. तिघंजण, प्रमुख एक डॉक्टरीणबाई. पाचमिनिट्यानं त्यांना फलक करून दाखवला. खोटी घटना घातली, ओळ उमटली: 'संदेश सेवा – बिघाड सुरू'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्यापेक्षा स्पष्ट काय असतं?

अक्कांचा जबाब म्हणे एवढाच, की मी खुर्चीवरच होते, फलकावर चालू होतं, बंद झालं तशी फोन लावायला घेतले. समितीनं लिहून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. हे मला साहेबानंच सांगितलं, मान हलवत. बाईंचा गोंधळ उडालाय, म्हणाला.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. हे लिहिणं भाग आहे.

१५ मार्च

सकाळी बायको आतून म्हणाली, "खोलीतला पंखा चालू आहे का बघ. असला तर बंद कर."

गेलो. चालू होता. बटणावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिलो. चहा गार होईस्तोवर. बायकोनं येऊन पाहिलं, पंखा चालू आणि नवरा बंद, म्हणाली. नेहमी हसतो अशा बोलण्यावर.

पंखा चालू म्हणजे पंखा फिरतोय. दिवा चालू, नळ चालू, दुकान चालू. शेंबड्या पोरालाही कळतं. संदेश सेवा चालू म्हणजे संदेश सेवा चालू आहे! अक्का सत्तेचाळीस मिनिटं त्या फलकाकडे बघत बसल्या होत्या, आणि माझा शब्द त्यांना सांगत होता की सगळं ठीक आहे. तीन बावन्नला बिघाड मिटला तेव्हा फलक म्हणाला, संदेश सेवा बंद. तेव्हा त्यांनी लगेच, एक मिनिट न दवडता, फोन उचलला. दिलेल्या नियमाप्रमाणे. तंतोतंत.

उलटा लागलेला मथळा पाहिलाय मी, एकदा नव्हे. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दिलगिरीची चौकट टाकायची. इथं पान कुठलं?

आणि एक. घड्याळजी वाचले तेही त्या चुकीच्या 'बंद'मुळेच. शब्द बरोबर उमटला असता तर अक्कांनी तीन पाचला फोन सुरू केले असते, मुलीला कळलं असतं, कुणीतरी जवळ बसलं असतं आणि त्यांना काही झालंच नसतं. शब्दच नसता, तर इशारे यायची वाट बघत बसले असते सगळे, सव्वापाचपर्यंत. हे कुणाला सांगायचं? सांगून काय?

१६ मार्च

आधी पाचमिनिट्याकडे गेलो. दार लोटून घेतलं त्यानं. म्हणजे त्याला ठाऊक होतं, अकरा तारखेपासूनच. तो म्हणाला, सव्वापाचला इशारे आले तेव्हाच त्यानं फलक बघितला आणि काय झालं ते कळलं. मग मला फोन.

"जुने शब्द कुठं असतील?" मी विचारलं.

"शब्दांची फाईल एकच आहे, सर. वरून लिहिलं की खालचं गेलं. नोंदींत फक्त क्लाउडवाल्यांचे मूळ शब्द राहतात. फलकावर काय दिसलं ते कुठंच राहत नाही."

मग बराच वेळ टेबलावरची पिन उघडत-मिटत राहिला. 'घटना' काढायला त्यानंच सुचवलं होतं, शब्द माझा होता. दोघंही अडकणार, म्हणाला. आणि अक्का ऑगस्टमध्ये निवृत्तच होणार आहेत. हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट माणूस नाही तो. घाबरलेला आहे. मीही.

मग साहेबाकडे. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "अक्कांनी फलक दाखवला त्या दिवशी शब्दाबद्दल विचारलं होतं, असं त्या म्हणतात. मला काही आठवत नाही. तुला आठवतं?"

मी म्हटलं, "बघतो."

आठवतं का, याला 'बघतो' हे उत्तर देणारा माणूस! पण खरंच तेच डोक्यात आलं. घरी आलो, बूट न काढता कपाटातून ही वही काढली. पान ३१. आहे. प्रश्न आहे, माझं उत्तर आहे, साहेबाचा विनोद आहे.

त्याला आठवत नाही!

१७ मार्च

पान ३१ फाडता येईल का?

वही आणली की पहिल्या दिवशीच पानांना आकडे घालतो. पेपरातली खोड. फाडलं तर ३० नंतर ३३ दिसेल. शिवाय मागं ३२ वर बायकोच्या डोळ्याची तारीख. हे सगळं मी नीट, शांतपणे, खुर्चीत बसून मोजलं. मग मोजलं म्हणून लाज वाटली. पण मोजलं.

१९ मार्च

दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलो. भेटीच्या वेळी. काल खालपर्यंत जाऊन परत आलो होतो, ते लिहिलं नाही.

घड्याळजी आता पडद्यामागच्या खाटेवर आहेत, नाकाला नळी. मुलगी शेजारच्या स्टुलावर. मी कंपनीतून आलोय म्हटल्यावर उठून उभी राहिली, जणू तिच्याच हातून काही चुकलंय. म्हणाली, त्या दिवशी ऑफिसात फोन टेबलावरच होता. पालथा नव्हता, सुलटा होता. मधूनमधून बघत होते. वाजला नाही म्हणजे बाबा बरे.

न वाजलेल्या फोनवर तिचा विश्वास. तो आम्हीच शिकवलेला. माहितीपत्रकातलं वाक्य माझंच आहे: फोन शांत, तर तुम्ही निश्चिंत.

घड्याळजी जागे होते. ओळखतात सगळ्यांना. बोलणं जड झालंय आणि उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात कमी होईल, किती ते सांगत नाहीत. त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट केलं. मला कळेना. मुलगी हसली, "तुमचं घड्याळ मागं आहे म्हणतायत." खरंच, चार मिनिटं मागं होतं. त्यांनी डाव्या हातानं खूण केली, काढा. मी काढून दिलं. उजव्या हातानं ते छोटं बटण पकडायला गेले. तीनदा निसटलं. मग परत दिलं.

निघताना मुलगी म्हणाली, एक बाई होत्या, त्यांनी शेजाऱ्यांना उठवलं, गाडी पाठवली, गाडी पोचेस्तोवर फोन ठेवला नाही. "त्यांना भेटायचंय मला. कंपनीत विचारलं तर कुणी नीट सांगतच नाही."

मीही नीट सांगितलं नाही.

२१ मार्च

अक्कांच्या घरी गेलो. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. खिडकीत चकतीचा जुना फोन, वायर तुटलेली, पण पुसून लख्ख. दार उघडून म्हणाल्या, "या पेपरवाले. समाचार घ्यायला आलात की बातमी?"

चहा दिला. मी सगळं सांगितलं, पंख्यापासून. मी सांगितलेलं त्यांना नवीन नव्हतं, हे अर्ध्यावर लक्षात आलं. त्यांना सगळं कळलं होतं, अकरा तारखेलाच, जबाबाच्या आधीच. त्यांचा गोंधळ कधीच उडाला नव्हता. बाकीच्यांना कळत नव्हतं एवढंच.

एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं, म्हणाल्या, दिवा लागला आणि मी उचलला नाही असं एकदाही झालं नाही. इथंही नाही. "दिवाच खोटा लागला, तर मी काय करू?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत. मला आठवतं."

त्या म्हणाल्या, "तुमच्या आठवणीला कोण विचारतंय? माझ्या आठवणीला विचारलं का कुणी? कागद दाखवा म्हणतात."

मी कप खाली ठेवला. वहीचं बोललो नाही. जिना उतरताना नाही, बसमध्ये नाही. इथं येऊन बोलतोय, या पानाशी. हा सोपा मार्ग मला फार चांगला जमतो.

२३ मार्च

सकाळी समितीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. शब्द माझे होते, जुने शब्द हे होते, बदलले अकरा तारखेला पावणेसहाला, आणि चार फेब्रुवारीला अक्कांनी विचारलं होतं, हे सांगितलं. त्या दिवशीचं लिहिलेलं आहे म्हटलं. त्या एकदम सावध झाल्या. कुठं लिहिलंय?

दुपारी पान ३१ ची छायाप्रत घेऊन गेलो. त्यांनी वाचली, उलटीसुलटी केली. म्हणाल्या, सुटं पान काल रात्रीही लिहिता येतं, तुम्हाला म्हणत नाही, पण कुणीही म्हणेल. आधीच्या-नंतरच्या तारखा सलग दिसायला हव्यात. मूळ वही द्या.

अख्खी?

अख्खी.

तिच्यात काय काय आहे! साहेबाच्या नकला आहेत. जानेवारीत त्याला काय म्हटलंय ते त्यानं वाचलं तर शाळेतला बाक आठवूनही माफ करणार नाही. बायकोशी झालेलं भांडण आहे. 'पान ३१ फाडता येईल का' हे आहे.

बायकोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस?" वही तिच्या पुढ्यात ठेवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं चष्मा लावला, दोन पानं वाचली, मिटली. "अक्षर सुधार," म्हणाली. "लोक वाचणार आहेत."

२४ मार्च

पाचमिनिट्या जिन्यात भेटला. कळलंय त्याला. मग चार पायऱ्या वर जाऊन थांबला आणि म्हणाला, त्यांनी मला विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, सर. म्हटलं, कधी ठरवलंस? म्हणाला, "पाच मिनिटं झाली."

साहेबानं बोलावलं नाही. त्याच्या खोलीवरून दोनदा गेलो. दार उघडं होतं. मान वर केली नाही.

वही उद्या सकाळी अकरा वाजता द्यायची. पुढचं पान कोरं सोडतोय. उगाच कुणी म्हणायला नको की नंतर भरलं.

११ एप्रिल

वही परत आली. पाकिटात, सही-शिक्क्यासह.

निकाल दोन दिवसांपूर्वीच कळला. अक्कांवर ठपका नाही. सोमवारपासून पहिल्या खुर्चीवर. पाचमिनिट्यानं सगळं मान्य केलं. त्याला ताकीद, आणि यापुढं फलकावर जे जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदीत राहणार. नवे शब्द आधी कक्षातल्यांना दाखवायचे, त्यांनी वाचून त्यांचा अर्थ सांगायचा, मगच भिंतीवर. ही सूचना अक्कांची. मला शब्दांच्या कामावरून काढलं. आता वरच्या मजल्यावर, फक्त माहितीपत्रकांपुरता. 'फोन शांत, तर तुम्ही निश्चिंत' हे वाक्य मीच मागं घेतलं. पन्नास हजार छापून झाली होती.

साहेब बोलत नाही. एका बाकावरचे आम्ही, आता दोन टोकांना.

घड्याळजी घरी गेले. मुलगी अक्कांना भेटून आली. काय बोलल्या ते दोघींनाच ठाऊक. मला सांगायचं कारणही नाही.

एक मात्र मनाला बरं वाटतं, आणि ते लिहिण्याचा हक्क मला आहे असं धरून लिहितो. जे घडलं ते त्याच दिवशी, जसंच्या तसं, उतरवून ठेवलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणून निभावलं. फलकावर चुकलो, पण या वहीत नाही.

१२ एप्रिल

आज पान ३१ उघडलं. समितीनं खात्रीसाठी ते अक्कांना दाखवलं होतं. खाली त्यांची तारखेसह सही आहे. आणि 'सगळे हसलो. अक्कासुद्धा.' या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीनं, टेलिफोनवाल्यांच्या सुट्या-सुट्या अक्षरात:

मी हसले नव्हते.